घड कशाने काळे पडले

"तिले भायेर राहू दे. मधी आली तं घड काये पडतीन."

काळे पडतील म्हणे. सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीच्या दारात मैत्रिणीची आजी सुनेला हळू आवाजात सांगत होती. मला ऐकू आलं. त्याआधी तिनं माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं.

जळगावहून आम्ही तिघी गेलो होतो. आठवीचा विज्ञान प्रकल्प. गोवऱ्यांच्या धुरानं केळी लवकर पिकतात का? प्रश्न मी काढलेला. केळी मैत्रिणीच्या घरची. दोघी आत गेल्या. मी ओट्यावर बसले. राग आला नाही. रागाला अंगात जोर लागतो. वडील रेल्वेत क्लार्क, म्हणून मी इंग्रजी शाळेत. तिथे टिकायचं तर गप्प राहायचं, एवढं मला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात मैत्रीण वर्गात निकाल सांगायला उभी राहिली. धुरातले घड पिकलेच नव्हते. काळे पडून नासले होते.

"मिस, आजी म्हणते, त्या दिवशी ही आली होती म्हणून."

ती चिडवत नव्हती. कारण सांगत होती.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमच्या डब्याकडे बघू नको गं."

वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत. याच मिसनी शिकवलं होतं, हायपॉथेसिस म्हणजे असा अंदाज, जो चुकीचा असेल तर तसं दाखवता आलं पाहिजे. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं.

त्यांनी मला उभं केलं. म्हणाल्या, "तू दुसरा विषय घे. स्वच्छतेवर लिही. मोठ्या माणसांशी वाद नको." आणि प्रकल्पावरचं माझं नाव खोडलं.

मी खाली बसले. आता घरी गेल्यावर आई विचारणार, काय झालं. मी म्हणणार, काही नाही. वाढदिवसाला सगळ्यांना बोलावणं आलं, मला नाही, तेव्हाही हेच म्हटलं होतं. बाकावर शेजारी कुणी बसेना, तेव्हाही. त्या 'काही नाही'चा मला कंटाळा आला. धीर वगैरे नव्हता. नुसता कंटाळा.

मी परत उभी राहिले.

"मिस, मला आत घेतलंच नव्हतं. मी खोलीत पाऊल ठेवलं नाही, तरी घड नासले. मग तो अंदाज चुकीचा ठरला. अजून शंका असेल तर एकाच घडाच्या दोन फण्या आणा. एकीला मी हात लावीन, दुसरीला ही. कुठली कुणाची, ते बघणाऱ्याला सांगू नका. इथेच, वर्गात ठेवा. पण माझं नाव त्या निकालावर अवलंबून ठेवू नका. प्रश्न मी काढला आहे. खोडलेलं नाव आत्ता परत लिहा."