नव्या कोडात आमचं घर

नवा कोड आला की मी तो सगळ्यात आधी आमच्याच घराला लावून पाहतो. कोड म्हणजे इमारत किती बळकट असावी, कॉलम किती जाड, लोखंड किती, काँक्रीट कोणत्या प्रतीचं, याचे नियम. दर काही वर्षांनी ते बदलतात. नुसतं वाचून माझ्या डोक्यात काही शिरत नाही. एखादी इमारत समोर लागते, आणि सळाख अन् सळाख मला पाठ आहे अशी आर्वीत एकच इमारत आहे. तिचं डिझाइन मी केलं, स्लॅब मी उन्हात उभं राहून टाकून घेतला, आणि राहतोही मीच.

हे घर प्रत्येक नव्या कोडात थोडं थोडं नापास होत आलं आहे. बांधलं तेव्हा सिमेंट, रेती, गिट्टी एकास दोनास चार अशा मापाचं काँक्रीट चालायचं. पुढे तो माल बाद झाला. नऊ इंची कॉलम तेव्हा सगळेच टाकत, भिंतीत लपून जात, कपाट कोपऱ्यात नीट बसे. मग फुटापेक्षा बारीक कॉलम नको, असं आलं. कॉलमच्या सळाखींभोवतीच्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला वळवा, असं आलं. भूकंपाचा नकाशा बदलला, वाऱ्याचं गणित बदललं. आपला जिल्हा भूकंपाच्या सौम्य पट्ट्यात, त्यामुळे यातलं सगळंच इथे सक्तीचं नाही. पण मी धरतो. माझा स्वभावच तसा, त्याला काय करणार! घराला आजवर एक तडा गेलेला नाही, ही गोष्ट वेगळी. मी हिशेब मांडून बसलो की बायको चहा ठेवता ठेवता विचारायची, "काय म्हणते तुमचा कोड? घरात झोपाचं, का अंगणात?"

तेव्हा कोडातल्या दुरुस्त्या छापील कागदावर यायच्या. त्या कापून पुस्तकात ज्या त्या कलमावर चिकटवायच्या असत. कात्री तिच्याकडे, गोंद माझ्याकडे. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पट्टी वाकडी लागली की राग तिलाच यायचा. माझ्या हातून पट्टी काढून ती पुन्हा लावायची. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि दुरुस्त्याही आता मोबाइलवरच येतात. चिकटवायचं काही राहिलं नाही.

आता वेबिनार असतात. दुपारी जेवून खुर्ची ओढून बसतो. पडद्यावर नावांची रांग, कोणी पुण्याचा, कोणी हैदराबादचा, सगळ्यांचे चेहरे बंद. एकदा मी प्रश्न टाईप केला. शिकवणाऱ्याचं लक्ष गेलं नाही, वेळ संपली, सगळे आभार मानून निघून गेले. मी त्या काळ्या पडद्यासमोर किती वेळ बसलो कोण जाणे. आधी राग आला. मग माझीच मला लाज वाटली, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. कोणीतरी आपल्याशी बोलावं, एवढंच पाहिजे होतं.

गावात या विषयावर बोलायला कोणी नाही. ठेकेदार भेटतात, नमस्कार करतात, "साहेब, भूकंप-बिकंप आपल्या इकडं कुठं येते?" म्हणून हसतात आणि नकाशे दुसऱ्याकडून काढून घेतात. माझं नाव पडलं आहे. त्या साहेबाकडे जायचं तर नाई ऐकायची तयारी ठेवून जा, असं लोक म्हणतात.

त्याचं कारण वरचे मजले. आपल्याकडे घर बांधताना कॉलमच्या सळाखी स्लॅबच्या वर हातभर उभ्या सोडतात. पोरगा मोठा झाला की वर मजला काढू, हा त्यामागचा विचार. निम्म्या आर्वीच्या गच्चीवर अशा सळाखी दिसतील. पोरगा मोठा होतो, लग्न ठरतं, आणि बाप माझ्याकडे येतो. मी जुनं घर नव्या कोडात घालून पाहतो. बहुतेक वेळा बसत नाही, आणि मग मी नाही म्हणतो. एक दुकानदार तर माझ्या नाही म्हणण्यावर इतका चिडला की समोरून मी येताना दिसलो की रस्ता ओलांडतो. ओलांडो बापडा. त्याचं घर उभं आहे, माझं काय जाते?

आमच्या गच्चीवरही सळाखी आहेत. बायको त्यांना दोरी बांधून कपडे वाळवायची आणि गंजू नयेत म्हणून सिमेंटचं पाणी फासायची. तिच्यानंतर कोणी फासलं नाही.

गेल्या दिवाळीत पोरगा आला होता. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, सूनही तिकडेच नोकरी करते, नात यंदा पहिलीत जाईल. जायच्या आदल्या दिवशी तो गच्चीवर माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, वर मजला निघते का आपल्या घरावर? काम तर घरूनच करून राह्यलो आमी. इकडंच येऊन राहू."

मी पाहून सांगतो म्हणालो, गिऱ्हाइकाला सांगतो तसं, कोरड्या आवाजात. मग खाली येऊन तहान नसताना तांब्याभर पाणी प्यालो.

पहिला हिशेब सरळ नापास झाला. दुसरं कोणी असतं तर मी त्याच दिवशी नाही कळवून मोकळा झालो असतो. पण जुन्या इमारती मजबूत करण्यासाठी वेगळा कोड आहे. माझ्याकडे तो कधीचा पडून होता, मी कधी धड उघडला नव्हता. त्यात जुन्या घराला भूकंपाच्या जोराच्या हिशेबात थोडी सूट दिली आहे. मी तो ओळीवर बोट ठेवून वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोड होकार शोधण्यासाठी वाचत होतो.

नागपूरहून हातोड्यासारखं यंत्र आणवलं आणि कॉलमवर ठोकून काँक्रीटची ताकद पाहिली. ती माझ्या भीतीपेक्षा बरी निघाली. मागच्या कोपऱ्याला खड्डा खोदवला. काळ्या मातीच्या खाली, मुरमात, पाया चांगला रुंद बसला होता. वरचा मजला धरूनच तेव्हा तसा घातला होता. तरी माझं समाधान होईना, म्हणून पायाचा हिशेब मी पुन्हा पुन्हा केला. पाया पुरत होता. खालच्या कॉलमना बाहेरून नवं लोखंड आणि चारी बाजूंनी चार-चार इंच काँक्रीट चढवायचं, वर लोखंडी सांगाडा, हलक्या ब्लॉकच्या भिंती, पत्र्याचं छत. गंजलेल्या सळाखी कापायच्या, नव्या भोकं पाडून बसवायच्या. एवढं केलं की घर कोडात बसत होतं.

खरं सांगतो, इतका आनंद मला कोणत्याच इमारतीचा झाला नव्हता. गच्चीवर जाऊन खडूने खोल्या आखल्या. नातीची खोली उगवतीकडे काढली, मग वाटलं तिला ऊन लागेल, पुसून दुसरीकडे काढली. खालच्या खोल्यांत कॉलम बाहेर येतील, कपाट कोपऱ्यात बसणार नाही. न बसेना का! शेजारीण तिच्या गच्चीवरून पाहत होती. पोरगं येऊन राह्यलं म्हणून मी तिला सांगूनही टाकलं.

तो रविवारी फोन करतो. मला रविवारपर्यंत दम निघाला नाही, मीच लावला. कॉलम, सांगाडा, पत्र्याचं छत, सगळं एका दमात सांगितलं.  

मग तो म्हणाला, "बाबा, मले वाटलं होतं तुम्ही नाई म्हणान."

"काऊन?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. पुण्यात त्यांनी दिवाळीआधीच फ्लॅट पक्का केला होता. नातीची शाळा ठरली होती, सुनेच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं होतं. दिवाळीत मला एकट्याला गच्चीवर उभं पाहिलं आणि त्याला राहवलं नाही, तो विचारून बसला. बाबा आपल्या घरालाही सूट देणार नाहीत, कोडच नाही म्हणेल, कोणी कोणाला दुखवायचं कामच पडणार नाही, असं त्याला वाटलं होतं.  वाईट पोरगा नाही तो. मला त्याचा राग आला नाही, नुसतं आतून सगळं रिकामं झालं. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही म्हणत असान तर येतो ना आमी, बाबा. करतो काहीतरी."

मी त्याला थांब म्हणालो. टेबलावरचे कागद उगाच फडफडवले, त्याला ऐकू जावेत असे.

"पायाचं पाहाचं राह्यलं होतं," मी म्हणालो. "तो नाई पुरत. वर मजला नाई घेत हे घर."

"पक्कं ना, बाबा?"

"कोडात नाई बसत, बेटा."

त्याने सोडलेला श्वास मला इकडे स्वच्छ ऐकू आला. मग जेवण झालं का विचारलं, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाला, चार दिवस पुण्याला या म्हणाला. मी हो हो म्हणत राहिलो. तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच बसत, असं म्हणून त्याने फोन ठेवला. माझ्या शब्दावर त्याचा लहानपणापासून तेवढा भरवसा आहे.