पाव आला होता ना?

माझ्या बहिणीला, दोन्काताईला, सरळ प्रश्न विचारता येत नाही. जन्माचा रोग आहे हा तिचा. मीठ हवं असलं तर म्हणणार, "आज भाजी जरा गोडसर झालीय, नाही?" मग आपण ओळखायचं आणि उठून मीठ आणून द्यायचं. नवरा शेवटच्या दुखण्यात पडला, तेव्हा हिने डॉक्टरला काय विचारावं? "पुढच्या महिन्यात मांडवावरची द्राक्षं काढायचीत, शिडी कोण धरेल?" डॉक्टर खाली बघत म्हणाला, भावाला सांगून ठेवा. त्या वर्षी शिडी मी धरली, आणि तेव्हापासून मीच धरतोय.

तेव्हा यंदा एक प्रश्न विचारायला तिने अख्खा उन्हाळा घालवला, याचं मला नवल नाही. संताप मात्र आहे. तिचा मुलगा कामेन कितीतरी वर्षं जर्मनीत स्वयंपाकी होता. बर्फ वितळल्यावर परत आला, गावातली बंद पडलेली शाळा भाड्याने घेतली आणि तिथे हॉटेल काढलं. दारावर पाटी लावली, 'शेतातून थेट ताटात'. शेत म्हणजे ताईची बाग. ताट म्हणजे काय, ते पुढे सांगतो. ताईला हॉटेलाचं काही नव्हतं. पोरगा हिवाळ्यात राहणार की पुन्हा जाणार, एवढंच तिला हवं होतं. हिवाळ्यात आमच्या गल्लीत दोनच धुराडी पेटतात, एक तिचं आणि एक माझं. माझ्या घरात निदान बायको तरी आहे भांडायला.

"विचार की त्याला," मी म्हणायचो.

"विचारीन रे. कामात असतो तो," असं म्हणून ही बया टोमॅटोच्या पेट्या भरायला लागायची. रोज तेच.

शेवटी कामेननेच आम्हा दोघांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. ताईने लग्नाकार्याचे बूट काढले आणि मिरच्या-टोमॅटोच्या चटणीची एक बरणी कपड्यात गुंडाळून घेतली. हॉटेलात जाताना बरणी कशाला, म्हणून मी दारातच भांडलो. तर म्हणे, रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जातात का? अगं, ते हॉटेल आहे, घर नाही. पण नेली ती नेलीच.

लहानपणी मला ज्या कोपऱ्यात शिक्षा म्हणून उभं करायचे, नेमकं तिथेच आमचं टेबल. वाढायला बिलियाना नावाची, सोफिया शहरातली मुलगी. ती कामेनची हॉटेलातली भागीदार. तिने परातीएवढी ताटली आणून ठेवली. परातीच्या मधोमध टोमॅटोच्या तीन चकत्या आणि एक पान. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि ही हात मागे बांधून सांगायला लागली की, हे टोमॅटो गावातल्या एका आजीबाईंनी मायेने वाढवलेत. ताई मान वळवून इकडेतिकडे बघायला लागली.

"कुठली रे आजी?" तिने हळूच विचारलं.

"तूच ती."

"मी आजी? मग नातवंडं कुठायत माझी?" ती म्हणाली. हसली नाही.

विषय बदलावा म्हणून मी बिलियानाला विचारलं, पाव मिळेल का? ती गोड हसली आणि मान वरखाली केली.

आता आमच्या बल्गेरियात मान वरखाली केली की 'नाही', आणि आडवी हलवली की 'हो'. पाळण्यातलं पोरदेखील यात चुकत नाही. म्हणजे माणसाला जेवायला बसवायचं, तीन चकत्या वाढायच्या आणि पाव नाही म्हणून वर हसायचं? माझं डोकंच सटकलं. ताई नको नको म्हणत असताना मी उठलो, तरातरा घरी गेलो आणि अख्खा पाव काखेत मारून परत आलो. बघतो तर टेबलावर टोपली, आणि टोपलीत वाफाळलेला पाव.

कामेन मुदपाकखान्यातून हसत बाहेर आला. म्हणाला, इथे निम्मी गिऱ्हाइकं बाहेरच्या देशांतली येतात, आपल्या मानेने त्यांचा गोंधळ उडतो, म्हणून बिलियानाला मी त्यांच्यासारखी मान हलवायला शिकवलंय. वरखाली म्हणजे हो.

"आणि आम्ही काय करायचं?" मी म्हटलं. "देवाने जीभ कशाला दिलीय? तोंडाने बोलायला काय होतं तुम्हाला?"

"मामा, तू तर घरचा," म्हणाला. घरच्यांना उपाशी मारायची ही नवी पद्धत असेल.

मग मडक्यातला घेवडा आला, तोही चमचाभर. ताईने सगळं निमूट खाल्लं आणि मी आणलेल्या पावाने ताटली पुसून घेतली. शेवटी कामेन आमच्याजवळ येऊन बसला. ताईने कपडा सोडून बरणी त्याच्यापुढे सरकवली आणि जन्मात पहिल्यांदा सरळ विचारलं.

"कामेन, हिवाळ्यात राहशील का?"

कामेन बरणीकडे बघत होता. त्याने मान वरखाली केली, एकदाच. तेवढ्यात आतून बिलियानाची हाक आली आणि तो उठून गेला.

ताईने टोपलीतला पाव हातात घेतला, मोडला, आणि तिचा चेहरा उजळला.

"राहतोय," ती म्हणाली. "पाव आला ना? तसंच हे."

घरी जाताना ती बोलायची थांबेना. त्याच्या खोलीतल्या शेगडीची धुराची नळी साफ करायला हवी, गोधड्यांना ऊन द्यायला हवं, आणखी चार बरण्या भरायला हव्यात. मला काही चैन पडेना. तिला घरी सोडलं आणि मी तसाच हॉटेलाच्या मागल्या दाराशी गेलो. कामेन पातेली घासत होता.

"ती मान कुठली होती रे?" मी विचारलं. "त्यांची, की आपली?"

त्याने नळ बंद केला. "मामा, आईपुढे मी त्यांची मान कशाला हलवीन?"

द्राक्षं उतरली की निघणार म्हणाला. हिवाळ्यात इथे कोण येतंय जेवायला, तिकडे त्याची जागा राखून ठेवलीय, बर्फ वितळलं की परत येईन वगैरे. मी म्हटलं, मग तोंडाने का नाही सांगितलंस, गाढवा? तर म्हणे, तोंडाने जमलं नाही. आईवर गेलाय, दुसरं काय! जा, आत्ता जाऊन सांग म्हटलं, तर पातेल्यात तोंड घालून म्हणतो, "तूच सांग ना मामा."

वाटेने मी त्याला शिव्या घातल्या, त्याच्या आईला घातल्या, आमच्या सगळ्या मुक्या खानदानाला घातल्या. वाक्य घोकून तयार केलं: ताई, तो जातोय. एवढंच.

अंगणात गोधड्या वाळत घातल्या होत्या. ताई कामेनच्या खोलीत शिडीवर चढलेली, हात कोपरापर्यंत काजळीने काळे. मला बघून म्हणाली, बरा आलास, शिडी धर. मी धरली.

"भेटलास ना त्याला?" वरूनच तिने विचारलं. "राहतोय ना तो?"

एका दिवसात दुसऱ्यांदा सरळ प्रश्न. वाक्य जिभेवर होतं. देवाने दिलेल्या त्याच जिभेवर. मी मान वरखाली केली. आपल्या रीतीने केली, खोटं बोललो नाही.

ताई शिडीवरून माझ्याकडे बघत राहिली.

"पेंचो, पाव आला होता ना?"

"आला होता."

"मग शिडी नीट धर," ती म्हणाली, आणि नळी खरवडायला लागली.