गंगूआत्याने ऐकलेला नकार

गंगूआत्या कुणाशीही बोलायच्या आधी त्याला बसवायची. "बस बाबा. उभ्यानं बोललं की बोलणं पळतं," म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. उभं राहिलं की तिलाच धाप लागायची. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापात तिच्या हृदयाची झडप आखडली होती. सासरी, महाळुंग्याच्या घरात, तिनं हे वर्षानुवर्षं कुणाला कळू दिलं नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. खुरपणी करताना ती बांधावरच कोसळली. बैलगाडीनं चाकण आणि तिथून मोटारीनं पुणं. मी तेव्हा दापोडीत कामाला होतो. पहिली पाळी संपली की आगगाडी धरून इस्पितळात जायचो. झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नुकती कुठं होऊ लागली होती. मुंबईचे सर्जन येऊन तपासणार आणि मग ठरणार होतं.

आत्याचे यजमान, आमचे मामा, खाटेशेजारी जमिनीवर बसून असत. एकदा म्हणाले, "कापाकापी नगं. घरी चल."

"आवं, आपली सगुणा नऊ वर्साची हाय," आत्या म्हणाली. "मला जगायचंय. उघडून बघू द्या त्यास्नी."

सर्जन आले, बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत राहिले आणि निघून गेले. दुपारी त्यांचा तरुण मदतनीस डॉक्टर आला. आत्यानं त्याला स्टुलावर बसवलं.

"बाई, उशीर झालाय," तो म्हणाला. "हृदय फार थकलंय. शस्त्रक्रिया झेपणार नाही."

"म्हंजी न्हाई."

"नाही."

तिनं पदर तोंडावर ओढला. खांदे हलत राहिले.  मग पदर बाजूला करून तिनंच विचारलं, "किती दिस?"

"वर्षभर. कदाचित."

"खरं सांगितलंत. लई झालं."

घरी आल्यावर आठवडाभर ती अंथरुणातून उठली नाही. मग एका सकाळी चुलीपाशी घोंगडी टाकून बसली आणि मामांपुढं परात सरकवली. मामांनी जन्मात पिठाला हात लावला नव्हता. भाकरीच्या कडा फाटायच्या. आत्या ती म्हशीपुढं टाकायला लावून दुसरी थापायला सांगायची.

"लोक हसत्यात," मामा म्हणाले.

"हसू द्या. लेक उपाशी निजली तर लोक येनार हायेत व्हय?"

फाल्गुनात, भर दुपारी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी महाळुंग्याला गेलो. मामा चुलीपुढं होते. त्यांनी तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली. त्यांनी ती सगुणाच्या ताटात ठेवली.

सगुणानं घास खाल्ला. "आईसारखी झाली," म्हणाली.

मामांनी मान वर केली नाही. पुढचा उंडा हातात घेतला आणि थापत राहिले.