बेडूकराजाचं टक्कल

माझा धाकटा भाऊ टेकहाय भित्राच जन्माला आला. ताइनानच्या आमच्या गल्लीत एखादा कोंबडा अंगावर आला, तर चाळिशीतही तो माझ्या मागे लपायचा. पोट मात्र भरायचा शूरांच्या गोष्टींवर. पोरांसाठी चित्रकथा काढायचा. उडणारी कासवं काय, तलवारबाज उंदीर काय. चित्रं त्याची, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं माझी. छापण्याआधी सगळी पानं ताइपेच्या तपासणी कचेरीत पाठवावी लागत. पानापानावर शिक्का बसला तरच छपाई, असा तेव्हा कायदा होता.

त्या वर्षी त्याने बेडूकराजाची गोष्ट काढली. बगळ्यांनी राजाचं तळं बळकावलेलं. राजा सैन्य घेऊन एका खडकावर येऊन बसलेला आणि दरवर्षी छाती फुगवून सांगतो, "पुढच्या वर्षी नक्की परत जाऊ." लिहिताना हसून हसून माझी पुरेवाट झाली. राजाचं तुळतुळीत टक्कल आमच्या टोफूवाल्या मामाचं होतं. पानं पोस्टात पडली.

दोन दिवसांनी टेकहाय न्हाव्याकडून अर्धेच केस कापून धावत आला. चेहरा पांढराफटक. खुर्चीत बसल्यावर समोरच्या भिंतीवर त्याला साहेबांची, म्हणजे देशाच्या सर्वेसर्वांची, तसबीर दिसली होती. ती काय, दुकानात, शाळेत, सगळीकडेच असायची.

"ताई, साहेबांनाही टक्कल आहे," तो म्हणाला. "तेही समुद्रापलीकडचा मुलूख घालवून इथे आलेत. आणि दरवर्षी हेच सांगतात."

हसताना माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. शेजारच्या मास्तरांना वर्गातल्या एका विनोदावरून पोलिसांनी उचलून नेलं होतं. चार वर्षं झाली होती, त्यांची बायको अजून त्यांचे बूट पुसून ठेवायची.

मग वाट बघणं सुरू झालं. गल्लीत जीप वळली की आम्ही दोघं भांडी घासल्याचं सोंग करायचो. टेकहायने गाठोडं बांधून ठेवलं: लोकरीची बंडी, दातांचा ब्रश. मी म्हटलं, माझेही दोन कपडे टाक, अक्षरं माझी आहेत.

"अक्षरंही मीच काढली असं सांगणार आहे," तो म्हणाला. "तू मध्ये बोलायचं नाहीस."

कोंबड्याला भिणारा माझा भाऊ हे बोलला. मला रडू आवरेना.

बाराव्या दिवशी पोस्टाने पुडकं आलं. तो त्याला हात लावायला तयार नव्हता, म्हणून मीच सोडलं. पानापानावर शिक्का होता. आणि पानापानावर राजाच्या टकलावर कुणीतरी पेन्सिलीने शेतकऱ्याची गवती टोपी काढली होती, अगदीच वेडीवाकडी. "पुढच्या वर्षी नक्की परत जाऊ" यावर काट मारून प्रत्येक ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मला भूक लागली."

म्हणजे त्या कचेरीतल्या कुणालातरी सगळं कळलं होतं, आणि आमची तोंडओळखही नसताना त्याने स्वतःची मान अडकवली होती.

दिवसभर टेकहाय टोप्या शाईने गिरवत होता आणि मी राजाला भूक लागल्याचं लिहीत होते. शाई वाळल्यावर आम्ही त्या माणसाचं पेन्सिलीतलं अक्षर न् अक्षर खोडरबराने पुसलं, आणि उरलेला चुरा झाडून चुलीत घातला.