दुष्काळातल्या मैत्रिणी

लेक इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. शेजारी शेंगा सोलत बसलेली माझी आत्या म्हणाली, "त्यात मीही होते गं."

लेकीनं विचारलं, "आजी, खूप रडायचीस का?"

"हात सोलून निघायचे, पोटात भूक असायची. पण आम्ही बायका आपापल्या सासूच्या नकला करायचो. घरात कधी इतकं हसले नव्हते. रडले ते काम बंद झालं त्या दिवशी. या मैत्रिणी आता कुठं भेटायच्या, म्हणून."

तेव्हापासून दुष्काळ म्हटलं की भेगाळलेल्या जमिनीआधी मला त्या हसणाऱ्या बायका दिसतात, आणि दुष्काळ पूर्वीपेक्षा जास्त कळतो.