कानसेनांचा अर्ज

डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरू नये, एवढं ज्ञान मला होतं. तरी मंगळवारी सकाळी मी नेमकं तेच केलं. पंपावरच्या मुलीने "पेट्रोलच ना, काका?" असं विचारून घेतलं होतं. मी फोनवर मेहुण्याला आयुष्यात सावध कसं राहावं ते समजावत होतो, त्या भरात मान हलवली. गाडी चौकापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि भर रस्त्यात म्हशीसारखी बसली.

आमच्या भागातल्या डिझेलच्या आजारी गाड्या एकाच दारात जातात. तिथल्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणतात. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "तिसऱ्याचा इंजेक्टर गळतोय." उघडून बघावं तर तिसराच गळत असतो. एकतीस वर्षं हेच चाललंय. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गॅरेजातच सुट्या भागांचं काउंटर सांभाळतात. त्यांचं म्हणणं, "हेच कान घरी आले की बंद पडतात."

"चालू करून कुठवर आणलीत?" कानसेनांनी विचारलं.

"चौकापर्यंत."

"म्हणजे विष पाजून वर पळवलंत."

एरवी यानंतर मला पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या दिवशी गृहस्थ तेवढ्यावरच थांबले. पान्हा उचलला, ठेवला, दारापर्यंत जाऊन आले, पुन्हा तोच पान्हा उचलला. त्याखाली एक कागद होता. तो काढून त्यांनी डब्याखाली सरकवला, मग तिथूनही काढला.

"शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचाय तो," वहिनी काउंटरवरून म्हणाल्या आणि मला सगळं सांगितलं. सरकारने मोटार-कारखान्यांना मदत जाहीर केली होती: बॅटरीच्या गाड्या बनवा, करात सवलत घ्या. जुनी डिझेल गाडी मोडीत घालणाऱ्याला नव्या गाडीवर सूट. आणि गॅरेजवाल्यांना सहा महिन्यांचं शिक्षण, वर विद्यावेतन. अट एकच, डिझेल गॅरेजचा परवाना परत करायचा.

"यांनीच तेव्हा डिझेल स्वस्त ठेवून सगळ्यांना डिझेल गाड्या घ्यायला लावल्या," कानसेन म्हणाले. "त्या भरवशावर मी हे दुकान थाटलं."

"तेव्हा ऐकलंत ना त्यांचं? मग आता पण ऐका. या महिन्यात गाड्या किती आल्या?"

"अकरा."

"त्यातली एक यांनी हाताने बिघडवलेली," वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

गुरुवारी दुपारी गेलो तेव्हा टाकी धुऊन, गाळणी बदलून इंजिन चालू झालेलं होतं. पण मध्येच अडखळत होतं. कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर लावला. "दुसरा." दुसरा उघडला, ठणठणीत. पुन्हा कान लावला. "चौथा मग." चौथाही ठणठणीत. शेवटी पहिल्यात कचरा सापडला. मी हसायच्या बेतात होतो, पण वहिनी हसल्या नाहीत, म्हणून गप्प बसलो.

"सकाळी त्या शिक्षणाच्या केंद्रात जाऊन आलो," कानसेन हात पुसत म्हणाले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते. "गाडी दाखवली त्यांनी. म्हणाले, चालू आहे. मी कान लावला. गुरगुर नाही, धडधड नाही. चालू आहे हे पडद्यावर वाचायचं म्हणे. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही."

"नाही जमलं तर?" वहिनींनी हळूच विचारलं.

"परवाना गेलेला असेल."

शुक्रवारी चार वाजता, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ आटोपून, मी गाडी न्यायला पोचलो. दोघं काउंटरवर अर्ज पसरून बसली होती. कानसेनांचा पाय टेबलाखाली असा हलत होता की बरण्यांतले नट खुळखुळत होते.

"'अंगी असलेलं कौशल्य' असा रकाना आहे," वहिनी म्हणाल्या. "काय लिहू?"

"कान, म्हणून लिही."

"सरकारी कागद आहे तो."

"मग पंप आणि इंजेक्टर दुरुस्ती लिही. त्यांना कळेल असं."

वहिनींनी लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. घड्याळात सव्वाचार झाले होते. ते उठले, माझ्या गाडीचं इंजिन चालू केलं, मिनिटभर नुसतेच उभे राहिले, बंद केलं. परत येऊन एका दमात सही केली आणि भिंतीवरचा परवाना उतरवून अर्जाला जोडला.

माझा जीव कासावीस झाला. थोडा त्यांच्यासाठी, आणि खोटं कशाला बोलू, बराचसा माझ्या गाडीसाठी. मी म्हणालो, "मिस्त्री, अजून विचार करा. अशी विद्या लाखात एकाकडे असते. नुसत्या कानाने रोग सांगायचा, हे असं संपून कसं चालेल? कोणीतरी ही कला पुढे न्यायला हवी."

कानसेनांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या मुलीला पाठवा सोमवारपासून."