एक नंबर चॅनेल

आमचे हे लग्नांचे फोटो काढतात. मी बरोबर जाते, स्टँड उभे करते, सेल बदलते आणि नवरीच्या मावशीला फ्रेममधून बाजूला व्हायला सांगते. हे शेवटचं काम ह्यांना जमत नाही.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे भावजी, तेही लग्नांचेच फोटो काढतात. पूर्वी दोघांचं एकच दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात अंगठी घालतानाचा फोटो काळाकुट्ट आला, कारण फ्लॅश चालू करायचा राहिला होता. तो कोणी चालू करायचा होता यावर दोघांचं एकमत झालं नाही. अजूनही झालेलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

वाटणी मात्र झकास झाली. चिठ्ठ्या लिहून, एक शब्द न बोलता. दुकान त्यांच्याकडे, प्रिंटर आमच्याकडे. स्टँड चार होते, दोन-दोन झाले. मग राहिली वायरलेस ट्रिगरची पेटी. ट्रिगर म्हणजे दोन छोटे डबे. एक कॅमेऱ्यावर बसतो, दुसरा लांब स्टँडवरच्या फ्लॅशखाली. इथे फोटो काढला की तिथे फ्लॅश उडतो, मधे वायर नाही, त्यामुळे वायरीत पाय अडकून पडणारे आजोबाही नाहीत. पेटीत अशा दोन जोड्या होत्या. एक त्यांनी नेली, एक आम्ही आणली. दोन्ही कारखान्यातून आल्या तशा एक नंबर चॅनेलवर होत्या. इतकी काटेकोर वाटणी करताना चॅनेल वाटायचं राहून गेलं.

ते कळलं दुमजली हॉलमध्ये. एकाच इमारतीत वर एक हॉल, खाली एक हॉल. वरच्या हॉलच्या फोटोग्राफरांच्या यादीत भावजींचं नाव, खालच्या यादीत ह्यांचं. पहिल्याच दिवशी भावजींनी वर फोटो काढला आणि आमचा फ्लॅश खाली आपोआप उडाला. ह्यांनी खाली काढला की त्यांचा वर उडायचा. रेडिओच्या लहरी त्या, त्यांना काय मजला आणि काय भांडण.

आता हे चॅनेल बदलायचं म्हणजे सेलच्या झाकणाखालची इवलीशी कळ टाचणीने सरकवायची. एवढंच. दोघांपैकी एकाने सरकवली असती तरी भागलं असतं. पण हे म्हणाले, "मी का बदलू? त्याने बदलावं." वर भावजीही हेच म्हणत असणार, कारण दोघं एकाच माळेचे मणी. मी एकदा म्हटलं, "निदान त्यांना विचारा तरी, तुम्ही बदलताय की मी बदलू." हे म्हणाले, "वरच्याशी माझं काही बोलणं नाही." भावजींचं नाव आमच्या घरात 'वरचा' पडलं होतं ते असं.

खरं सांगायचं तर मला त्या फ्लॅशचं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं की या दोघांनी एकदा तोंड उघडावं. एक प्रश्न, एक उत्तर. चॅनेलच्या निमित्ताने का होईना. मी दहा वर्षं त्या कळीकडे आस लावून बसले होते, असं म्हटलं तर लोक मला वेडी म्हणतील, पण बसले होते.

दरम्यान हे सरावले. आमचा फ्लॅश उगाच उडाला की मान वर न करता म्हणायचे, "ग्रुप फोटो चाललाय वर." पाच-सहा वेळा लागोपाठ उडाला की, "लहान मुलं आहेत फ्रेममध्ये, कोणीतरी डोळे मिटतंय." एकदा बराच वेळ उडाला नाही तेव्हा हातातलं काम थांबवून छताकडे बघत राहिले. मग उडाला. हे म्हणाले, "जेवायला बसला असेल," आणि कामाला लागले.

मग ते भाषण झालं. खालच्या हॉलमध्ये नवरीचे वडील बोलायला उभे राहिले. वर ग्रुप फोटो चालले होते. आमचा फ्लॅश उडाला, तसे वडील थांबले, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि पुढे बोलू लागले. परत उडाला, परत थांबले, परत हसले. तीन मिनिटांचं भाषण पाव तास चाललं. मुलीच्या आईच्या आठवणीशी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, तरी फ्लॅश उडाल्यावर बिचारे हसलेच. ह्यांनी धावत जाऊन फ्लॅश बंद केला तोवर उशीर झाला होता.

इमारतीचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पुन्हा असं झालं तर यादीतून नाव काढावं लागेल."

मला वाटलं, आता तरी हे जिना चढतील. बावीस पायऱ्या आहेत. हे जिन्याकडे गेलेही. पहिल्या पायरीशी उभे राहिले, बुटाची नाडी बांधली आणि परत आले.

"नवीन ट्रिगर घेतो," म्हणाले.

"टाचणी आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"ती माघार झाली. नवीन घेणं म्हणजे प्रगती."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तो कसा ते मी पुढचे तीन आठवडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या चष्मेवाल्या सेल्समनने आधी एक स्वस्तातला डोळा दाखवला. दुसरा कुठलाही फ्लॅश दिसला की तो आपला फ्लॅश उडवतो. ह्यांनी विचारलं, "आणि पाहुण्यांपैकी कोणी फोटो काढला तर?" सेल्समन म्हणाला, "तरी उडवतो." म्हणजे आतापर्यंत एकच भाऊ होता, आता तीनशे झाले असते. मग एक असा दाखवला की किती प्रकाश पाडायचा तेही तोच ठरवतो. ह्यांना ते पटलं नाही. "ठरवायचं मी," म्हणाले.

तिसरा बत्तीस चॅनेलवाला. शिवाय प्रत्येक चॅनेलला आपला वेगळा आकडा देता येतो, दुसऱ्याचा डबा त्यात शिरूच शकत नाही. सेल्समनला काही माहीत नव्हतं, तो सहज म्हणाला, "साहेब, शेजारी सख्खा भाऊ जरी फोटो काढत असला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

हे डबा हातात उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, "टिकेल का?"

घरी आणल्यावर मला फ्लॅश घेऊन बाल्कनीत उभं केलं आणि हे रस्त्याने बटण दाबत लांब लांब चालत गेले. मी दरवेळी हात वर करून "उडाला" असं दाखवायचं. समोरच्या बाईंना वाटलं मी त्यांनाच हात करतेय, त्यांनी चार वेळा उलट केला. हे पार कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेले, तरी उडाला. परत आले तेव्हा समाधान दिसायला हवं होतं. दिसलं नाही. जुनी जोडी मात्र टाकली नाही, कपाटात ठेवली. मी विचारलं तर ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीत वर-खाली दोन लग्नं. दुपारची वेळ. आमचा फ्लॅश एकदाही उगाच उडाला नाही. मॅनेजर दारातून बघून गेला, मान हलवून गेला. फोटो सगळे नीट. हे मात्र दर दोन मिनिटांनी छताकडे बघत होते. एकदा मला म्हणाले, "वर लग्न आहे ना आज?" मी म्हटलं, "आहे. दारात फुलं बघितली की तुम्ही." त्यावर हे म्हणाले, "हो, ते झालं." मला मनातून फार वाईट वाटत होतं. ट्रिगर चांगला निघाला, म्हणजे आता ती कळ कोणालाच सरकवायची नव्हती, आणि तो एक प्रश्नही कोणी कोणाला विचारणार नव्हतं.

नवरा-नवरीला खिडकीशी उभं करून हे फोटो काढत असताना दार ढकलून भावजी आत आले. गळ्यात कॅमेरा, कपाळावर घाम, शर्ट एका बाजूने बाहेर. पायऱ्या धावत उतरलेले दिसत होते. केस सगळे पांढरे झालेत हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. ते सरळ ह्यांच्यापुढे येऊन थांबले आणि त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"काय झालंय तुला?"

"मला कुठे काय?" हे म्हणाले.

"दुपारपासून माझा लाईट एकदाही आपोआप उडाला नाही. दोनदा सेल बदलले. तरी नाही." भावजींना दम लागला होता. "म्हटलं, माझ्यात बिघाड नाही, तर मग खालीच काहीतरी झालं."

ह्यांनी कॅमेरा खाली घेतला. "ट्रिगर बदलला मी."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"मग सांगायचं नाही का?"

अकरा वर्षं एक शब्द न बोललेला माणूस हे रागावून विचारत होता. मला हसू यायला हवं होतं. मी खाली वाकून सेलच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले, कारण डोळे भरून आले होते आणि पाहुणे बघत होते.

"चुकलं, दादा," हे म्हणाले.

भावजींनी बाजूची खुर्ची ओढली आणि बसले. हे तसेच उभे. वर एक अख्खं लग्न फोटोग्राफरची वाट बघत असणार, पण दोघांपैकी कोणी हलेना.

खिडकीशी नवरीने इतका वेळ हनुवटी वर धरून ठेवली होती, ती तिने खाली केली. "काही अडचण आहे का?" तिने मला हळूच विचारलं. "कोण आहेत ते?"

"घरचेच आहेत," मी म्हटलं.